भिंतीवरचा लांब दिवा

आमच्या यांनी उभ्या आयुष्यात मला एकदाही "चुकलं माझं" असं म्हटलेलं नाही. म्हटलं असतं तरी मला ऐकू आलं नसतं, हा भाग वेगळा. पण समोरच्याच्या ओठांवरून मला बोलणं कळतं, आणि यांच्या ओठांवर ते शब्द कधी आले नाहीत हे मी खात्रीने सांगते. हे माफी मागतात ती गाडीच्या दिव्याने. ते आधी नीट सांगायला हवं, नाहीतर पुढचा सगळा घोळ कळायचा नाही.

मी कांता. परळला चाळीत पहिल्या मजल्यावर राहते. आमचा भूषण अजून अंगावर पीत होता तेव्हा मला मेंदूज्वर झाला. ताप उतरला तो कान घेऊनच गेला. गिरगावात खोताच्या वाडीजवळ एका छापखान्यात मी मुद्रितं तपासायची, ते काम तेवढं टिकलं. मालक म्हणाले, बरं झालं, आता तुमचं लक्ष कोणी उडवणार नाही. शाईची बाटली त्यांच्या डोक्यात घालावी असं मला वाटलं होतं. घातली नाही, कारण नोकरी हवी होती.

हे तेव्हा फोर्टमधल्या एका कंपनीत ड्रायव्हर होते. अधूनमधून कंपनीची गाडी घरी आणायचे आणि सवयीने खालून हॉर्न वाजवायचे. अख्खी चाळ खिडकीत यायची आणि मी आपली स्वयंपाकघरात शांतपणे भाकऱ्या थापतेय. मग शेजारची कोणीतरी येऊन माझ्या खांद्याला हात लावून सांगायची, "अगं, तुझा नवरा बोंबलतोय खाली." असं काही महिने चाललं. एका संध्याकाळी मी खिडकीत उभी असताना समोरची भिंत एकदम उजळली, विझली, पुन्हा उजळली.

ती भिंत म्हणजे जुन्या गिरणीच्या कंपाउंडची. आमची गल्ली तिच्यापाशी संपते. गिरणी गेली, आत टॉवर झाला, भिंत मात्र आहे तशीच आहे. जयंतीच्या आधी मंडळाची पोरं दरवर्षी तिला पांढराशुभ्र चुना मारतात. गाडी भिंतीकडे तोंड करून लावायची, इंजिन बंद करायचं आणि मग दिव्याची कांडी ओढायची, की मोठा दिवा भिंतीवर थेट माझ्या खिडकीच्या उंचीला पडतो. हे यांना कसं सुचलं कोण जाणे. मी विचारलं तर म्हणाले, "सुचलं."

मग आमची भाषाच ठरून गेली. दोन छोटे दिवे म्हणजे आलो, चहा टाक. तीन म्हणजे खाली ये, शिवाजी पार्कला चक्कर मारू. आणि एकच, पण लांब, भिंतीवर थांबून राहणारा दिवा म्हणजे, चुकलो. तो लांब दिवा वर्षातून दोन-चारदाच यायचा, पण यायचा. मी गॅलरीतला बल्ब एकदा लावून बंद करायची. म्हणजे कळलं, या वर. बोलायचे नेहमी हे आणि उत्तर द्यायची मी.

मोबाईल आहे की आता, असं तुम्ही म्हणाल. आहे ना. मुलगा त्यावर मला मेसेज करतो, सून नूपुर फोटो पाठवते. आमचे हे कशालाही अंगठा पाठवतात. दूध आणू का, अंगठा. तुमची बहीण आजारी आहे, अंगठा. अंगठ्याने कोणाची माफी मागता येत नाही.

निवृत्त झाल्यावर यांनी स्वतःची जुनी गाडी घेतली आणि प्रवासी नेऊ लागले. विमानतळ, पुणे, कधी नाशिक. गाडी जुनी आणि दिवे त्याहून जुने. काचा पिवळट झालेल्या, उजेड हळद घातलेल्या दुधासारखा. मागच्या महिन्यात मी यांच्या शेजारी बसून नणंदेकडून परत येत होते. दिवेलागणीची वेळ होती. सायनला रस्त्याचं काम चाललेलं, आणि मध्ये ठेवलेला सिमेंटचा ठोकळा यांना दिसलाच नाही. मी किंचाळले म्हणून गाडी वाचली. माझं किंचाळणं कसं असतं ते मला माहीत नाही, पण यांचा चेहरा पाहून जबरदस्त असणार असं वाटलं.

"भूषणला सांगू नको," हे म्हणाले.

मी घरी येऊन पहिलं काम केलं ते भूषणला मेसेज करायचं.

भूषण, म्हणजे बुद्धभूषण, ठाण्याला राहतो. कॉम्प्युटरमध्ये आहे. वडिलांशी वाद घालण्यात अर्थ नसतो हे तो लहानपणीच शिकला. तो शनिवारी आला, "पप्पा, गाडी धुवून आणतो" म्हणाला आणि गाडी घेऊन थेट ऑपेरा हाऊसला गेला. तिथे गाड्यांच्या सामानाची दुकानं आहेत. एका दुकानात त्याने आधीचे बल्ब काढून झेनॉनचं किट बसवून घेतलं. नवे बल्ब, त्यांना वीज पुरवणाऱ्या दोन चपट्या चंदेरी पेट्या, आणि उजेड असा की चाळीच्या तोंडाशी गाडी वळली तेव्हा मला वाटलं गल्लीत कोणाच्या लग्नाचं शूटिंग आहे.

"आता बघा पप्पा, दिवस आहे की रात्र कळणार नाही," भूषण म्हणाला. तो माझ्याकडे कधीही पाठ करून बोलत नाही. वडिलांशी बोलतानाही मान माझ्याकडे थोडी वळलेली असते. त्याला हे कोणी शिकवलं नाही. बोलायला लागला तेव्हापासून तो माझ्या दिशेनेच बोलत आला.

हे "छान आहे" म्हणाले, पोराच्या पाठीवर हात ठेवला, त्याला खालपर्यंत सोडून आले. आणि वर येऊन दार लावलं.

"तू सांगितलंस त्याला."

"सांगितलं. मग?"

"माझ्या गाडी चालवण्यावर आता पोरगा संशय घेणार? चाळीस वर्षं चालवतोय मी."

आता इथे गप्प बसायचं होतं. पण गप्प बसणं मला जमत असतं तर आमचा अर्धा संसार शांततेत गेला असता. मी म्हणाले, "मरायची एवढी हौस असेल तर एकटे मरा. परक्यांच्या लेकरांना गाडीत बसवून कशाला मारता?"

यांचा चेहरा उतरला. हे सकाळी डबा न घेता निघून गेले. माझे ओठ हलायचे थांबले आणि त्याच क्षणी मला कळलं होतं की हे जास्त झालं. पण कळणं वेगळं आणि कबूल करणं वेगळं.

त्या संध्याकाळी मी खिडकीत बसले. मला खात्री होती की लांब दिवा येणार. चूक दोघांची असली तरी दिवा नेहमी तिकडूनच यायचा, ही माझी चैन होती. गाडी गल्लीत वळली. भिंत पांढरीफटक झाली, इतकी की चुन्याचे ओघळसुद्धा दिसले. गाडी थांबली, दिवे बंद झाले. आता येईल, मी म्हटलं. काही आलं नाही. हे बराच वेळ गाडीतच बसून राहिले. मग वर आले.

दोन छोटे दिवेसुद्धा आले नव्हते, म्हणून मी चहा टाकला नव्हता. यांनी ओट्याकडे बघितलं, गॅलरीतल्या बल्बकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि हातपाय धुवायला गेले. आमच्या घरात संध्याकाळी चहा नाही म्हणजे युद्ध. मी ताट वाढलं. यांनी जेवून ताट उचललं.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही. पांढरीफटक भिंत, मग अंधार, मग गाडीत बसून राहणं, मग जिन्यावरून येणारी मान खाली घातलेली आकृती. मी मनात म्हणायची, हो का, एवढा राग? एक दिवा लावायला हात झिजतो? आणि मग लगेच वाटायचं, मी बोललेच तसं. माणसाला मरा म्हटलं मी. आता हे माझ्याशी कधीच बोलणार नाहीत.

हे वाक्य लिहायला सोपं आहे. पण कान गेल्यावर जग माझ्यापासून एक हात लांब गेलं, सगळंच्या सगळं. जवळ राहिलं ते एवढंच, की रोज संध्याकाळी एक माणूस भिंत उजळून मला हाक मारतो. बाकीच्यांनी खांद्याला हात लावून बोलावलं. लांबून हाक मारली ती यांनीच. ती हाक गेली तर माझं काय राहिलं, हे त्या आठवड्यात मला पहिल्यांदा कळलं, आणि मी भाजी चिरताना रडले. कांद्याची भाजी नव्हती.

रविवारी भूषण आणि नूपुर जेवायला आले. आमची तोंडं बघून नूपुरने भूषणला कोपर मारलं, ते मला दिसलं. दुपार कशीबशी गेली. संध्याकाळी भूषण म्हणाला, "चला पप्पा, दिवे नीट बसलेत का बघू. आई, तू पण चल, हवा खाशील."

आम्ही खाली उतरलो. हे गाडीत बसले, आम्ही तिघं बाजूला उभे राहिलो. यांनी दिवे लावले, भिंत उजळली. भूषण गुडघ्यावर बसून उजेड किती उंच जातोय ते बघत होता.

"समोरचे काही बोलतात का?" त्याने विचारलं.

"बोलतात कसले," हे खिडकीतून डोकं काढून म्हणाले. "सगळे डिपर मारतात. ट्रकवाले, रिक्षावाले. परवा एक जण काच खाली करून आईबहीण काढून गेला. त्यांच्या डोळ्यांवर येतो हा उजेड."

भूषण ओशाळला. "दुकानवाला बोलला होता, तुमच्या दिव्याची काच या बल्बसाठी बनलेली नाही, थोडं पसरेल. मला वाटलं थोडं म्हणजे थोडंच." मग म्हणाला, "बरं, बंद करा. आता नुसतं पासिंग मारून बघा."

यांनी दिवे बंद केले आणि कांडी ओढली.

भिंतीच्या अगदी पायथ्याशी, इस्त्रीवाल्याच्या टपरीच्या पत्र्याखाली, एक जांभळट ठिपका थरथरला आणि विझला. वरची सगळी भिंत काळीच. यांनी पुन्हा कांडी ओढली, या वेळी धरून ठेवली. तोच जांभळा ठिपका, जरा मोठा, टपरीच्या पत्र्याला अडलेला. माझ्या खिडकीतून तो पत्रा वरून दिसतो. त्याच्या खाली काय चाललंय ते कधीच दिसत नाही.

"हे असंच होतं," भूषण माझ्याकडे तोंड करून समजावायला लागला. "साधा बल्ब कसा, बटण दाबलं की लागला. हा तसा नाही आई. याच्यात गॅस असतो, तो तापून पूर्ण उजेड यायला वेळ लागतो, इंजिन बंद असलं की आणखीच. म्हणून पासिंग मारायचंच नाही, बल्ब लवकर जातो." मग वळून म्हणाला, "पप्पा, पासिंग मारत जाऊ नका हं."

"रोज मारतो की," हे म्हणाले.

"कोणाला?"

यांनी स्टिअरिंगवरचा हात उचलला आणि वर बोट दाखवलं. माझ्या खिडकीकडे.

मी गाडीजवळ गेले. मी घराबाहेर फारशी बोलत नाही, माझा आवाज कमीजास्त होतो म्हणे. पण तेव्हा त्याची शुद्ध कोणाला होती! "रोज?" मी विचारलं.

यांनी मान हलवली.

"दोन?"

यांनी एक बोट वर केलं आणि ते हवेत आडवं, लांबच लांब ओढत नेलं. पार आरशापर्यंत.

"मला वाटलं नवीन दिवा असाच असेल," हे म्हणाले. "मला तर खाली दिसत होता. म्हटलं तुलाही दिसत असणार. तू बल्ब लावत नव्हतीस. चहा पण नाही. म्हटलं राग गेला नाही अजून. राग बरोबरच आहे तुझा. उद्या परत मारू."

उद्या परत मारू. मी माणसाला मरा म्हटलं होतं. आणि तो माणूस रोज संध्याकाळी दमून येऊन, गाडी बंद करून, अंधारात माझी माफी मागत होता. उत्तर येत नव्हतं. तरी बसून राहत होता, थोडा वेळ वाट बघत होता, आणि दुसऱ्या दिवशी परत मागत होता. मी बहिरी झाले याबद्दल मी कधी कोणाचे आभार मानणार नाही, तेवढी संत मी नाही. पण झालेच आहे, तर याच माणसाच्या घरात झाले, याबद्दल कोणाचे मानू, सांगा. मी तिथे गल्लीत, इस्त्रीवाल्याच्या टपरीसमोर, गाडीच्या खिडकीतून यांचा हात धरला आणि हसत सुटले, आणि त्या हसण्याचं मध्येच रडणं झालं. नूपुरला काही कळेना. ती बिचारी कधी मला पाणी देत होती, कधी यांना.

भूषणला मात्र सगळं कळलं होतं. तो भिंतीकडे बघत उभा होता. याच भिंतीवर दिवा पडला की लहानपणी तो "पप्पा आले" म्हणून माझा पदर ओढायचा, मला दिसलेलं असलं तरी ओढायचा. त्याने माझ्याकडे बघितलं आणि हळू, स्पष्ट ओठांनी म्हणाला, "आई, मी विसरलोच गं."

"चांगल्यासाठीच केलंस तू," मी म्हणाले. "हे जगाला दिसायला लागले. मलाच तेवढे दिसेनासे झाले."

दुसरा कोणी असता तर हिरमुसला असता. एवढ्या हौसेने आणलेली वस्तू, ती आईबापांना नकोय. भूषणने तोंड पाडलं नाही. पुढच्या सुट्टीच्या दिवशी यांना घेऊन तो परत त्याच दुकानात गेला. मला जाताना सांगून गेला की तो दोन दिवस याचाच शोध घेत होता. जुन्या गाड्यांमध्ये तारा बारीक असतात, बटणातून फिरून जाईपर्यंत विजेचा जोर निम्मा होतो, म्हणून साधा बल्ब मंद जळतो. बॅटरीपासून जाड तारा सरळ दिव्यापर्यंत ओढायच्या, मध्ये रिले म्हणून एक छोटा स्विच असतो तो बसवायचा, काचा घासून स्वच्छ करायच्या. मग साधाच बल्ब असा लागतो की सायनचा ठोकळा लांबून दिसेल, समोरच्याच्या डोळ्यांवर येणार नाही, आणि कांडी ओढली की फटकन लागेल. हे शेवटचं सांगताना त्याने माझ्यासमोर चुटकी वाजवली. मी ती बघितली.

ते दोघं गेल्यावर मी घर आवरलं, बोंबील तळायला काढले, आणि मग मला काही सुचेना. संध्याकाळी लांब दिवा येणार हे नक्की होतं. दुरुस्त झालेला दिवा, तोही पोरासमोर. हे आता आठवडाभराची माफी एकदम मागणार. आणि मी नेहमीसारखा बल्ब लावणार, बंद करणार, झालं, मिटलं.

पण मिटायला काय होतं त्यात? यांची चूक काय होती? ठोकळा दिसला नाही ही? आपलं म्हातारपण बायकोने पोराला कळवलं याचा राग आला ही? वाईट बोलले होते मी. आणि इतकी वर्षं मी खिडकीत राणीसारखी उभी राहून माफ्या स्वीकारत आले. एकदाही पाठवली नाही.

दिवेलागण झाली तशी मी गॅलरीत जाऊन उभी राहिले. बल्ब बंद होता. हात बटणावर ठेवला. समोरच्या खोलीतली बाई काहीतरी विचारत होती, मी तिच्याकडे बघितलंच नाही.

गाडी गल्लीच्या तोंडाशी वळली. दिव्यांचा उजेड स्वच्छ, थोडा उबदार, आधीसारखाच पण तरणाताठा. भिंतीपाशी येऊन गाडी थांबली. इंजिन बंद झालं असणार, कारण दिवे विझले.

मी बटण दाबलं. बल्ब लावला आणि लावूनच ठेवला. विझवला नाही. बोट बटणावरून काढवेना. खाली गाडीत काही हलत नव्हतं, भिंत काळी होती, आणि माझ्या छातीत असं धडधडत होतं की ते तरी मला ऐकू येईल असं वाटलं. खूप वेळाने, निदान मला तरी खूप वाटला, मी बल्ब बंद केला.

भिंतीवर दिवा आला नाही. गाडीचं दार उघडलं. हे बाहेर आले, मान वर करून माझ्याकडे बघत उभे राहिले आणि हात वर केला. पलीकडून भूषण उतरला, तोही वर बघत होता. मी आत जाऊन चहा टाकला.

जेवताना भूषण माझ्याकडे तोंड करून बसला होता. हे बोंबलाचा काटा काढण्यात गुंग होते, म्हणजे तसं दाखवत होते.

"एवढं सगळं करून आणलं," भूषण मला म्हणाला, "आणि पप्पांनी दिवा मारलाच नाही. मी सांगत होतो, मारा ना पप्पा, आता मारा. हात कांडीवरच होता त्यांचा. तर मला म्हणाले, थांब, आई बोलतेय तुझी."